बघून काढलेला बांध

सरस्वतीबद्दल आमच्या गावात कुणाची तक्रार नव्हती. गावच्या शाळेच्या भिंतीवर मी तिला काढली तेव्हा सगळं गाव बघून गेलं, हात जोडून गेलं, एका म्हातारीने तर तिला हळदकुंकू लावून माझा पांढरा रंग बिघडवून ठेवला. वीणेला तारा किती, मोर कुठल्या बाजूला, कुणी काही विचारलं नाही. विचारणार कसं? सरस्वती कुणी पाहिलीच नव्हती. भानगड सुरू झाली ती त्यांनी रोज पाहिलेलं मी काढायला घेतलं तेव्हा.

मी मुरबाडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. गाव किन्हवलीच्या बाजूला, म्हणजे सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन जायचं आणि संध्याकाळी तसंच कोंबून परत यायचं. शाळेत चित्रकलेचा तास हा गणिताच्या सरांचा हक्काचा तास होता. त्यांचा अभ्यासक्रम राहिला की ते दारात उभे राहून नुसते हसायचे आणि मी खडू ठेवून बाहेर पडायचो. त्यामुळे माझं डोकं कायम तापलेलं असायचं. घरी आलो तरी तेच. आमच्याकडे घराघरात एकच चित्र टांगलेलं असायचं : बर्फाचे डोंगर, लाल छपराचं घर आणि तळ्यात दोन हंस. हंस कुणी पाहिला नव्हता, म्हणून तोही सरस्वतीसारखाच निर्दोष.

नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली ती दिवाळीची सुट्टी. मी म्हटलं, बस झालं मनाचं काढणं. आता बघून काढायचं. समोर दिसतं तेवढंच आणि दिसतं तसंच, पदरचं गवताचं एक पातंही घालायचं नाही. दाराच्या फळीएवढ्या चौकटीवर कॅनव्हास ताणला आणि भल्या सकाळी आमच्या खळ्यावर स्टूल टाकून बसलो. समोर कापणी झालेलं आमचं शेत, नुसती धसकटं उरलेली. शेताच्या पलीकडच्या कडेला बांध, बांधावर ऐनाचं जुनं झाड. बांधापलीकडे काकांचं शेत आणि त्यांचं कौलारू घर. पार मागे, हवा स्वच्छ असली तर, सिद्धगडाच्या बाजूचे निळे डोंगर. काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. दोन्ही घरांची विहीर एक होती आणि बांधही एकच. लहानपणी त्याच बांधावरून बाबांचा हात धरून, त्यांच्या शेजारून चालत मी शाळेत जायचो.

आता लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? एक माणूस स्टुलावर बसलाय, एक डोळा मिटलाय, हात लांब करून ब्रश उभा धरलाय आणि ब्रशवर अंगठा सरकवत शेताचं माप घेतोय. चित्रकार असंच माप घेतो, पण हे कुणाला सांगणार! त्या वर्षांत आमच्याकडे कल्याणच्या बाजूने गाड्या यायच्या. पांढरे बूट घातलेली माणसं उतरायची, बांधावर उभं राहून हात लांब करून एकमेकांना काहीतरी दाखवायची, आणि थोड्या दिवसांनी तिथे तारेचं कुंपण पडायचं. कधी धरणाची आवई उठायची, कधी रस्त्याची. तेव्हा माझा अंगठा ब्रशवर सरकला रे सरकला, गावाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पहिल्या दिवशी माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला तो एक गिरणीतून निवृत्त झालेला गडी. बराच वेळ उभा राहून म्हणाला, “कुणी सांगितलंय काढायला?”

“कुणी नाही. मीच काढतोय.”

“असंच?”

“असंच.”

“असंच कोण कशाला काढील रे?” असं म्हणून तो हसला आणि गावात जाऊन त्याने सांगितलं की मास्तर काही बोलत नाय, म्हणजे काम मोठं हाय.

मग रांग लागली. एकजण म्हणाला, माझं शेत यात घेऊ नको, मला भानगड नको. दुसरा म्हणाला, माझं शेत जरा कडेला हाय, पण ओढून आत घे, उद्या यादीतून राहायला नको. तिसऱ्याची म्हैस समोर चरत होती, तिच्यासाठी तो भांडायला आला. “जल्लं तुझं चितार! तिला दिष्ट लागली तर दूध कोण देणार, तू?” म्हैस त्याने हाकलून नेली. मी बघून काढणारा माणूस, त्यामुळे चित्रात म्हशीचा मागचा निम्मा भागच राहिला.

पण सगळ्यांवर कडी केली ती उजव्या हाताच्या शेतवाल्याने. एका सकाळी बघतो तर काय, काल जिथे नुसती धसकटं होती तिथे आंब्याची रोपं! ओळीने, सुतात. धरणात जमीन गेली की झाडांची भरपाई वेगळी मिळते, हे आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही पाठ. हा बहाद्दर बांधावर उभा राहून माझ्याकडे बघून हसत होता.

“मास्तर, झाडं दिसतात ना?”

“काल नव्हती.”

“काल तुमचं लक्ष नव्हतं.”

जवळ जाऊन बघितलं तर रोपं कसली, नुसत्या फांद्या खोचलेल्या. डोक्यात तिडीक गेली. पण नेम केला होता ना, दिसतं तसंच काढायचं! काढली. दोन दिवसांत फांद्यांनी माना टाकल्या, तर मीही त्या माना टाकलेल्याच रंगवल्या. मग तो तणतणत आला, “अरे, सुकलेली कशाला दाखवलीस? सुकलेल्या झाडाचे कोण काय देणार?”

एक माणूस मात्र चित्र बघायला आला नाही. बाबा.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. बाबा म्हणजे गावात दोरी धरणारा माणूस. आमच्याकडे दोन घरांत बांधावरून जुंपली की कुणी सरकारी मोजणी आणत नसे. बाबांना बोलवायचे. बाबा या टोकाच्या झाडापासून त्या टोकाच्या दगडापर्यंत दोरी ताणायचे, बघायचे, पाय रोवायचे आणि म्हणायचे, “इथं.” झालं. त्यावर कुणी बोलायचं नाही. आजूबाजूच्या पाड्यांवरूनसुद्धा बोलावणं यायचं. ते दोरीचं वेटोळं आमच्या ओटीवर खुंटीला लटकलेलं असायचं आणि मुलांना त्याला हात लावायची बंदी होती.

तर असे बाबा एका सकाळी खळ्यावरून जाताना माझ्यापासून चार हात लांब थांबले. चित्राकडे नाही, शेताकडे बघत म्हणाले, “कुठवर काढणार?”

“डोंगरापर्यंत.”

“बांध घेतलास?”

“घेतला की. बांधाशिवाय शेत कसं दिसेल?”

“गवत माजलंय बांधावर. साफ केल्यावर काढ.”

“आहे तसंच काढायचंय बाबा.”

ते चालू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला शेत नीटनेटकं दाखवायचं असेल, पाहुणा यायच्या आधी घर झाडतात तसं. मला तेव्हा कसला आलाय संशय! सगळं गाव माझ्यावर संशय घेत होतं, मी मात्र घरच्या माणसावर नाही घेतला.

आणि खरं सांगू? त्या बांधापाशी मी भारी खूश होतो. सकाळी ऊन काकांच्या बाजूने यायचं आणि बांधाच्या आमच्या बाजूला एक सावली पडायची. काळी नव्हे, निळी-जांभळी, ओलसर मातीची सावली. सबंध चित्र तिच्यावर तोललेलं होतं. ती जमेपर्यंत मी किती वेळा खरवडली आणि पुन्हा लावली! मुरबाडला तालुक्याच्या प्रदर्शनात चित्र नेलं, जीपच्या टपावर बांधून, तेव्हाही मला त्या सावलीचीच काळजी होती. टपावर एका बाईने तिची कोंबड्यांची पाटी चित्राला टेकवली होती. तिथे परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “हुबेहूब आहे. पण हुबेहूबच हवं असेल तर कॅमेरा आहे की. यात संदेश काय?” बक्षीस मिळालं ते ‘झाडे लावा’ लिहिलेल्या चित्राला. त्यातलं झाड निळं होतं.

मी चिडून चित्र गावी आणलं. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर ते मोठ्या वर्गात मांडलं आणि गाव लोटलं. मला वाटलं होतं, आपलंच गाव, आपलंच शेत, लोक हरखतील. कसलं काय! प्रत्येकजण चित्रात स्वतःला शोधायचा. सापडला नाही तर रागवायचा आणि सापडला तर जास्तच रागवायचा. सरपंच म्हणाले, “फुटकी कौलं कशाला दाखवलीत? बाहेरचा माणूस बघंल तर म्हणंल, पंचायत झोपली.” एका बाईने काकांच्या अंगणातला वाळत घातलेला परकर ओळखला आणि दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं, त्या दोघीच हसत बसल्या. गिरणीवाल्याने चित्र उलटं करून मागून बघितलं. मागे काय आहे म्हणून विचारलं तर म्हणे, “शिक्का असतो कधी कधी.” एका म्हाताऱ्याने कमरेचा करगोटा सोडून, हो, करगोटा, चित्रातलं शेत लांबीरुंदीने मोजलं आणि आपलं शेत शेजाऱ्यापेक्षा बोटभर कमी भरतं म्हणून जाहीर केलं. मी त्याला सांगायला गेलो की लांबचं लहान दिसतं. तो म्हणाला, “शेत लांब गेलं म्हणून लहान होतं का रे? शिकलास कुठं?”

काका सगळ्यात शेवटी आले. काका कमी बोलणारे. टोपी हातात घेऊन उभे राहिले. डोंगर बघितला, घर बघितलं, मग वाकून बांधाशी नाक नेलं.

“ही काळोखी कशाची रे?”

“सावली आहे काका. बांधाची.” माझी छाती फुगली. एवढ्या गर्दीत पहिल्यांदा कुणाला तरी ती सावली दिसली होती!

“बांधाची येवढी सावली?”

“सकाळची. ऊन तुमच्या अंगाने येतं ना.”

“असं,” म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाहेरून आली ती घाबरीघुबरी होऊन. “अरे, काका आपल्या खळ्यावर बसलेत. तुझ्या जागेवर. एक डोळा मिटून बांधाकडं बघतात.”

ते उठून गेल्यावर मी गेलो. गंमत बघा, सबंध सुट्टीभर ज्याच्याकडे बघत होतो तेच मी पुन्हा बघायला गेलो. काकांच्या बाजूने बांध जुना होता तसा, हळूहळू उतरणारा, गवताने भरलेला. आमच्या बाजूने मात्र सरळ उभा तासलेला, सुरीने खरवस कापावा तसा. ऐनाची मुळं उघडी पडून लोंबत होती, त्यांच्या टोकांवर कुदळीचे घाव होते. मी ती मुळंसुद्धा काढली होती, बारीक ब्रशने, किती कौतुकाने! ज्या बांधावरून मी लहानपणी बाबांच्या शेजारून चाललो, तो आता एकट्याने तोल सावरत जायची वाट झाला होता. दरवर्षी पावसाच्या आधी गवत काढायच्या निमित्ताने थोडा थोडा तासत नेलेला. मी रंगवलेली सावली म्हणजे बांधातली काकांच्या वाट्याची गेलेली जमीन होती.

गावात दोरी धरणाऱ्या माणसाच्या बांधाची ही गत!  घरी आलो. बाबा ओटीवर बसून कुदळीचा दांडा ठोकत होते.

“बाबा, बांध…”

“गवत काढताना जाते थोडी माती,” ते मान वर न करता म्हणाले. आई आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.

काका कुणाशी बोलले नसावेत. पण गावाला काय, काका मास्तरच्या स्टुलाच्या जागेवर एक डोळा मिटून बसले एवढं पुरलं. रविवारी मारुतीच्या देवळात बैठक बसली. सरपंचांनी शाळेतून चित्र आणवलं आणि देवळाच्या खांबाला टेकवून ठेवलं. सवयीने दोघातिघांनी चित्रालाच नमस्कार केला. करगोटावाला तयारच होता. त्याने बांधाचं माप घेतलं, या टोकाला एवढा, त्या टोकाला एवढा. कुणी म्हणालं, याची झेरॉक्स काढा, तहसिलात लावू. एकजण म्हणाला, साक्षीला माणूस फुटतो, चितार फुटत नाय.

मला राहवेना. “अहो, बांध तिथे आहे! हाकेच्या अंतरावर आहे. उठा, जाऊन बघा ना!”

सरपंच माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसे बघू लागले. “बांध काय, बांध रोज बघतो आमी. पुरावा हा हाय.”

एकजणही उठला नाही. काका खांबाला पाठ लावून बसले होते, ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. सरपंच बाबांकडे वळले. “तुमी बोला. आजवर सगळ्यांचे बांध तुमी ठरवले. हा कसा झाला?”

बाबा उभे राहिले. गेल्या दोन दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती. मला वाटलं, आता सांगतील, गवत काढताना गेली माती. पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“पोराला विचारा. बघून काढलाय का मनानं काढलाय?”

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. आता तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं! ‘बघून’ म्हणालो तर बाप चोर. तोही साधासुधा नाही, सगळ्या गावाला बांध आखून देणारा चोर. आणि ‘मनानं’ म्हणालो तर मी कसला चित्रकार? गल्लीबोळात, जीपमध्ये, शाळेत, ज्याला त्याला मी छाती ठोकून सांगितलं होतं की मी पदरचं काही घालत नाही. एवढं एकच तर होतं माझ्याजवळ. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. खोटं बोल असं सांगत होते की खरं बोलून टाक असं सांगत होते, देव जाणे.

“मनानं,” मी म्हणालो.

देवळात एकदम गलका झाला. “मी सांगत नव्हतो!” “उगाच आमचा रविवार घालवला!” “म्हैस पण अर्धीच काढली हाय, तेव्हाच वळाखलं!” उजव्या हाताचा शेतवाला मात्र हादरला. “मंग माझे आंबे? तेपण मनानं?”

“आंबे बघून. बांध मनानं.”

“हां, मंग ठीक हाय.”

काका उठले. माझ्यापाशी आले. त्यांनी त्या सकाळी काय बघितलं होतं ते त्यांना माहीत, मला माहीत, बाबांना माहीत. म्हणाले, “मनानं म्हणतोस तर मनानं. चितार मला दे.” आणि देवळातून ते चित्र डोक्यावर घेऊन स्वतःच्या घरी गेले. ओटीवर, दारासमोर, जिथे बाबा रोज चहाला बसायचे त्या जागेच्या बरोबर समोर टांगलं.

घरी आल्यावर बाबा माझ्यावर उखडले. “खोटं कशाला बोललास?”

“तुमच्यासाठी!”

“मी सांगितलं होतं? मी विचारायला सांगितलं, खोटं बोलायला नाय!” असं ओरडून ते बाहेर निघून गेले. माणसाने करावं तरी काय! आजही मला शंका आहे, त्या दिवशी त्यांना स्वतःला पकडवून घ्यायचं होतं की सुटायचं होतं.

सुटले तर नाहीतच. गावाने तोंडाने माझं ऐकलं, मनाने नाही. शंकेची पाल एकदा चुकचुकली की ती भिंतीत घर करते. बाबांना दोरी धरायला बोलावणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. आधी पाड्यांवरची बोलावणी थांबली, मग गावातली. लोक शहापूरहून मोजणीवाला आणायला लागले आणि वर बाबांनाच ऐकवायचे, “तुमाला कशाला तरास?” खुंटीवरच्या दोरीत कोळ्याने जाळं केलं.

त्या वैशाखात बाबांनी घमेलं घेतलं. आमच्याच शेतातली माती खणून ते बांधाच्या तासलेल्या बाजूला लावायला लागले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, “तू चितार काढ.” पावसाने अर्धी वाहून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा लावली, दगड बसवले, वर गवत लावलं. जशी थोडी थोडी काढली होती तशीच थोडी थोडी घातली, आणि वर्षंही जवळपास तेवढीच जातील असं वाटायला लागलं. काका ओटीवरून बघायचे, बोलायचे नाहीत. बाबा चहाला जायचे ते मात्र चुकलं नाही. चित्रासमोर बसायचे, बशीत चहा ओतायचे, फुंकर मारायचे, प्यायचे आणि यायचे. आई म्हणायची, काय मेली हौस आहे त्या चित्रासमोर बसायची! पण जायचे.

दोन हजार साल मागे पडलं तरी हे चाललं होतं. एका दिवाळीच्या आधी काका आमच्या अंगणात आले, डोक्यावर चित्र. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, “घे तुझं. आता जुळत नाय.” आणि बाबांच्या शेजारी बसून तंबाखू मळायला लागले. दोघांचं मिटलं ते असं.

त्या सुट्टीत मी उठलो तेव्हा खळ्यावर माझं स्टूल आधीच मांडलेलं होतं. बाबा शेजारी उभे, दाढी केलेली, स्वच्छ टोपी घातलेली.

“आता काढ,” म्हणाले. “बघून काढ. आहे तसाच.”

मी काढायला बसलो. ऊन काकांच्या अंगाने आलं, पण आमच्या बाजूला ती सावली नव्हती. बांध दोन्हीकडून सारखा उतरत होता, आमच्या बाजूचं गवत जरा कोवळं, एवढाच फरक. बाबा रोज यायचे. एकदा म्हणाले, “ऐनाच्या बुंध्याशी जरा खचलाय बघ. तो पण दाखव. खचलेला हाय तर खचलेला.” मी दाखवला. काय सांगू, ते चित्र पहिल्यापेक्षा चांगलं झालं नाही. सावलीशिवाय चित्र सपाट वाटत होतं. पण एवढं खरं चित्र मी आयुष्यात काढलं नाही. बाबांना ते मुरबाडला पाठवायचं नव्हतं, घरात लावायचं नव्हतं. शाळेत मांडायचं होतं, गावासमोर. त्यांनी आदल्या दिवशी खुंटीवरची दोरी काढून, झटकून, नीट गुंडाळून ठेवली होती. मी ती बघितली आणि मला धडकी भरली.

सव्वीस जानेवारीला पुन्हा गाव लोटलं. बाबा चित्राच्या बाजूला उभे राहिले, पाहुण्यांची वाट बघत उभं राहावं तसे. लोक चित्रापाशी आले. बांध बघितला. मग एकमेकांकडे बघितलं. गिरणीवाला आता पार म्हातारा झाला होता, तरी चित्र उलटं करून बघायला विसरला नाही. मग म्हणाला, “मास्तर, छान सरळ केलात हो!”

“मी नाही केला. बांधच तसा आहे.”

“हां हां. बापासाठी माणूस येवढं करतो.”

“अहो, बघून काढलाय!”

“मागच्या टायमाला पण आधी बघूनच म्हणत होता. मंग देवळात काय बोललात?”

सगळे हसले. वाईट भावनेने नाही, कौतुकाने हसले. एक बाई आपल्या सुनेला सांगत होती, हे आमचे मास्तर, मनानं काढतात, पण बाय गो, कसं खरं वाटतं! काका पुढे झाले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. “अरे, बांध हाय तसाच! माझा बांध हाय, मी सांगतो! जा, जाऊन बघा!”

“काका, तुमी भावकीतले,” सरपंच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमी सांभाळूनच घेणार.”

मी बाबांकडे बघितलं. ते हसणाऱ्यांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. एकदा मी त्यांच्यासाठी ‘मनानं’ म्हणालो होतो आणि आता त्यांच्यासाठी ‘बघून’ म्हणणारा माझा शब्द कुठे चालत नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “चल घरी.”

आम्ही शाळेच्या मागच्या बाजूने निघालो. मागे काका अजून भांडत होते, त्यांचा आवाज बराच लांबवर येत होता. बांधावर आलो तेव्हा सवयीने मी मागे राहिलो, तर बाबांनी हाताने शेजारी ये म्हणून खूण केली. दोघं शेजारी शेजारी चाललो, कुणाचा पाय घसरला नाही. रस्त्यात एकही माणूस भेटला नाही. सगळे शाळेत बांध बघायला गेले होते.